फुलपाखराचा मॅक्रो फोटो: लेन्सपासून प्रजातीच्या नावापर्यंत

माझ्या संग्रहात एका पिवळ्या फुलपाखराचा फोटो आहे. मागे मऊ हिरवी पार्श्वभूमी, डोळा लख्ख स्पष्ट, सोंड फुलात अर्धी बुडालेली. बघणाऱ्यांना तो आवडतो. पण त्या फुलपाखराचं पूर्ण नाव मला आजही सांगता येत नाही. ते ग्रास यलो आहे एवढं नक्की. कोणतं ग्रास यलो, हे पुढच्या पंखाच्या खालच्या बाजूला, बुडाजवळच्या भागात किती बारीक ठिपके आहेत त्यावर ठरतं, आणि नेमक्या त्याच जागेवरून गवताचं एक पातं आडवं गेलंय. दोन पावलं डावीकडे सरकलो असतो तर नाव मिळालं असतं.

फुलपाखरांचे फोटो काढायला शिकवताना लेन्स, प्रकाश, रचना यांबद्दल पुष्कळ सांगितलं जातं. ओळख पटण्यासाठी फोटोत काय काय यायला हवं, हे मात्र बहुतेकदा घरी आल्यावर, पुस्तक उघडल्यावर कळतं. तोवर फुलपाखरू उडून गेलेलं असतं. म्हणून इथे दोन्ही गोष्टी एकत्र घेतल्या आहेत.

आधी गणित: किती जवळून?

मॅक्रोमध्ये १:१ म्हणजे वस्तू जेवढी आहे तेवढीच तिची प्रतिमा सेन्सरवर पडणं. फुल फ्रेम सेन्सर ३६ × २४ मिलिमीटरचा असतो. १:१ ला त्यात फक्त ३६ मिलिमीटर रुंदीचा तुकडा मावतो. प्लेन टायगरसारखं फुलपाखरू पंख पसरून ७ ते ८ सेंटिमीटर भरतं, म्हणजे १:१ ला त्याचा निम्म्याहून जास्त भाग फ्रेमबाहेर जाईल. त्याला १:२ पेक्षाही कमी मोठेपणा लागतो. याउलट ग्रास ज्युवेल हे चिमुकलं फुलपाखरू पंख पसरून जेमतेम २ सेंटिमीटरचं, पंख मिटले की उंची त्याच्या निम्मी. ते १:१ ला घेतलं तरी फ्रेमचा निम्मा भाग रिकामा राहतो. सेन्सर लहान, म्हणजे एपीएस-सी असेल तर हीच चौकट आणखी कमी मोठेपणावर भरते.

नवशिक्यांची मोठी चूक अशी की मॅक्रो लेन्स घेतली म्हणून सगळं १:१ ला काढायचं. त्याची किंमत स्पष्टतेच्या खोलीत मोजावी लागते. फुल फ्रेमवर एफ/८ ला (हा आकडा लेन्सचं छिद्र, म्हणजे ॲपर्चर, किती उघडं आहे ते सांगतो, आकडा मोठा तर छिद्र बारीक) १:१ मोठेपणावर स्पष्ट दिसणारा थर साधारण १ मिलिमीटर जाडीचा असतो. १:२ ला तो जवळजवळ ३ मिलिमीटर होतो आणि १:४ ला १ सेंटिमीटरच्या जवळ पोचतो. मोठेपणा निम्मा केला की खोली तिपटीने वाढते. म्हणून ओळखीसाठीचे फोटो मी मुद्दाम थोडे लांबून काढतो आणि नंतर कापून घेतो. फुल फ्रेम २४ मेगापिक्सेलच्या सेन्सरवर एक पिक्सेल ६ मायक्रॉनचा असतो, तर फुलपाखराच्या पंखावरचा एक खवला साधारण १०० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग लांब. १:२ ला काढलेल्या फोटोतही ठिपक्यांच्या कडा मोजता येतील इतका तपशील उरतो.

कोणती लेन्स

५० किंवा ६० मिलिमीटरची मॅक्रो लेन्स फुलपाखरांसाठी गैरसोयीची आहे. मोठेपणा मिळतो, पण लेन्सचं तोंड फुलपाखराच्या अगदी अंगावर जातं. ९० ते १०५ मिलिमीटरची लेन्स सगळ्यात समतोल: १:१ ला लेन्सच्या पुढे साधारण वीतभराहून थोडं कमी अंतर राहतं, १:२ ला त्याहून बरंच जास्त. १५० किंवा १८० मिलिमीटरच्या लेन्सने आणखी मागे राहता येतं, मात्र ती जड असते आणि हाताचा कंप जास्त दाखवते.

लेन्स आहे ती ७०-३०० मिलिमीटरची झूम आणि मॅक्रोसाठी वेगळा खर्च नको, अशी स्थिती असेल तर दोन मार्ग. पहिला, एक्स्टेन्शन ट्यूब. ही पोकळ नळी लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसते. ट्यूबच्या लांबीला लेन्सच्या फोकल लांबीने भागलं की मोठेपणा किती वाढेल ते कळतं. ५० मिलिमीटरच्या लेन्सला २५ ची ट्यूब म्हणजे अर्धा मोठेपणा वाढला, पण ३०० मिलिमीटरला तीच ट्यूब फारसं काही देत नाही. लांब लेन्ससाठी दुसरा मार्ग चांगला: पुढे फिल्टरसारखी बसवायची क्लोज-अप लेन्स. +२ शक्तीची क्लोज-अप लेन्स ३०० मिलिमीटरला लावली आणि मूळ लेन्स अनंतावर ठेवली, तर मोठेपणा ०.६ येतो आणि फुलपाखरापासूनचं अंतर अर्धा मीटर राहतं. एवढ्यात बहुतेक फुलपाखरं होतात. दोन भिंगं जोडून बनवलेली क्लोज-अप लेन्सच घ्या. एका भिंगाच्या स्वस्त लेन्समध्ये ठिपक्यांच्या कडांना जांभळी-हिरवी झालर येते, आणि ओळखीत रंगाच्या कडेलाच महत्त्व असतं.

फोन असेल तर त्याच्या मॅक्रो मोडवर विसंबू नका. बऱ्याच फोनमध्ये तो मोड अतिरुंद लेन्स वापरतो आणि दोन-तीन सेंटिमीटरवर जायला लावतो. तोवर फुलपाखरू थांबत नाही. त्याऐवजी दुप्पट किंवा तिप्पट झूमची वेगळी लेन्स असेल तर ती निवडून अर्ध्या मीटरवरून फोटो घ्या.

कुठे आणि कधी शोधायचं

फुलपाखराचं शरीर स्वतःची उष्णता फारशी तयार करत नाही. उडण्यासाठी छातीतले स्नायू ३० अंश सेल्सिअसच्या आसपास तापावे लागतात. म्हणून सकाळी ऊन पडल्यावर पहिला तास-दीड तास सोन्यासारखा. फुलपाखरं पानांवर बसून ऊन खात असतात आणि तापेपर्यंत लगेच उडत नाहीत. ऊन खाण्याच्या पद्धतीही वेगवेगळ्या. काही पंख सपाट पसरतात, तेव्हा वरची बाजू टिपून घ्या, कारण तीच फुलपाखरं दुपारी पंख मिटून बसतील. काही पंख मिटून, एका कुशीवर झुकून खालची बाजू उन्हाला देतात. पिवळ्या-पांढऱ्या गटात हे पुष्कळ दिसतं. गवती स्किपर पुढचे पंख अर्धवट उभे आणि मागचे आडवे धरतात, एखाद्या छोट्या विमानासारखे.

दुपारच्या उन्हात दोन जागा पाहाव्यात. ओलसर माती किंवा ओढ्याकाठची वाळू, जिथे फुलपाखरं चिखलपान करतात. तिथे जमणारे बहुतेक नर असतात. ते मातीतून सोडियम आणि इतर क्षार शोषून घेतात आणि काही प्रजातींत हे क्षार मीलनात मादीकडे जातात. चिखलपानात गुंतलेलं फुलपाखरू एरवीपेक्षा खूप जवळ येऊ देतं. दुसरी जागा म्हणजे टेकडीचा माथा, जिथे काही प्रजातींचे नर मादीची वाट पाहत हद्द राखून बसतात. असा नर उडाला तरी बहुधा त्याच पानावर परत येतो, त्यामुळे पाठलाग न करता तिथेच बसून राहायचं.

माद्यांसाठी खाद्यवनस्पती, म्हणजे सुरवंट ज्यांची पानं खातात ती झाडं, माहीत असणं फार उपयोगी पडतं. रुईच्या झुडपापाशी प्लेन टायगर, लिंबूवर्गीय झाडांपाशी कॉमन मॉरमॉन आणि लाइम बटरफ्लाय, मोहरीच्या कुळातल्या रोपांवर पांढरी कॅबेज व्हाइट. पानावर क्षणभर टेकून पोटाचं टोक वाकवणारी, लगेच उठून दुसऱ्या पानावर जाणारी मादी दिसली की ती अंडी घालतेय. मग ती कुठल्या झाडावर होती हे लिहून ठेवा. नाव शोधताना ते झाड कित्येक प्रजाती एका फटक्यात बाद करतं.

जवळ कसं जायचं

फुलपाखराला जवळजवळ चहूबाजूंनी दिसतं. त्याला आकार फार बारीक दिसत नाहीत, पण हालचाल चटकन जाणवते. अंगावर सावली पडली की ते उठतंच. म्हणून सूर्य कुठे आहे ते आधी पाहा आणि आपली सावली त्याच्यावर पडणार नाही अशा बाजूने निघा.

मी तीन टप्प्यांत जातो. साधारण दोन मीटरवरून पहिला फोटो, कसाही आला तरी चालेल, कारण पुढे ते उडालं तर निदान एवढा पुरावा हातात आहे. मग गुडघ्यांवर येऊन अर्ध्या अंतरावर, पुन्हा दोन-तीन फोटो. मग कॅमेरा डोळ्याला लावलेलाच ठेवून सरपटत पुढे. डोळ्याला लावलेला कॅमेरा वर-खाली होत नाही, हे त्यातलं महत्त्वाचं. फुलपाखराने पंख झटकन उघडमिट केले किंवा मिशा ताठ केल्या तर थांबायचं आणि अर्धा मिनिट काहीच करायचं नाही. गवताच्या काडीला पाय लागला की ती काडी ज्या झुडपात अडकलीय ते सगळं हलतं. बरीच फुलपाखरं माणसाला पाहून नाही, बसायची जागा हलल्यामुळे उडतात.

काही गोष्टी मी करत नाही आणि कुणी करू नयेत असं मनापासून वाटतं. फुलपाखरू पकडून फ्रीजमध्ये गार करून फोटो काढणं, पंखांवर पाणी फवारून दव दाखवणं, मीलन चाललेल्या जोडीला फांदीसकट उचलून उजेडात आणणं. बोटाला चिकटलेले खवले पंखावर पुन्हा उगवत नाहीत. मध्ये येणारं पान कापू नका, अलगद वाकवून धरा आणि नंतर सोडून द्या. दुर्मीळ प्रजाती सापडली तर फोटो दाखवताना नेमकी जागा जाहीर करू नका.

कॅमेऱ्याची मांडणी

ॲपर्चर एफ/८ ते एफ/११. त्याहून बारीक केलं की खोली वाढते खरी, पण मॅक्रोत एक छुपी गोष्ट घडते. १:१ ला लेन्सचं प्रत्यक्ष ॲपर्चर लिहिलेल्याच्या सुमारे दुप्पट आकड्याइतकं होतं, म्हणजे एफ/१६ हे एफ/३२ सारखं वागतं. प्रकाशाच्या विवर्तनामुळे मग सगळाच फोटो किंचित धूसर होतो आणि बारीक ठिपके आजूबाजूच्या रंगात मिसळतात.

शटर स्पीड बसलेल्या फुलपाखरासाठी १/५०० सेकंद धरा. कंप कमी करणारी यंत्रणा तुमचा हात स्थिर करते, वाऱ्याने डोलणारं फूल नाही. स्वॅलोटेल गटातली फुलपाखरं मध पितानाही पंख फडफडवत राहतात. त्यांना १/१००० किंवा १/१६०० लागतो. आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता, ऑटोवर ठेवून वरची मर्यादा १६०० किंवा ३२०० द्या. थोडा दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही. फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ स्वरूपात ठेवा.

एक्सपोजरचा घोळ काळ्या आणि पांढऱ्या फुलपाखरांत होतो. काळं कॉमन क्रो फ्रेमभर आलं की कॅमेरा त्याला करडं करायला जातो. तिथे एक्सपोजर दोन-तृतीयांश स्टॉप (एक स्टॉप खाली म्हणजे प्रकाश निम्मा) खाली आणा. पांढरं फुलपाखरू गडद झाडीपुढे छोटंसं बसलंय, तर कॅमेरा झाडीकडे पाहून जास्त प्रकाश घेतो आणि पांढऱ्या पंखावरच्या करड्या शिरा पुसल्या जातात. तिथेही खाली आणा. तेच पांढरं फुलपाखरू फ्रेम भरून असेल तर उलट, किंचित वर. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख, पाहायची सवय लावा, पडद्यावरचा फोटो भर उन्हात फसवतो.

फ्लॅश वापरायचा तर मोठा डिफ्यूझर लावून, कमी शक्तीवर, फक्त सावल्या भरण्यापुरता. उघडा फ्लॅश खवल्यांवर चकाकतो. निळ्या फुलपाखरांत तर आणखी एक अडचण. बऱ्याच निळ्या रंगांत निळं रंगद्रव्य नसतंच. खवल्यांच्या सूक्ष्म रचनेतून प्रकाश परावर्तित होऊन तो रंग तयार होतो, आणि प्रकाशाचा किंवा पाहण्याचा कोन बदलला की काही प्रजातींत तो पार काळपट दिसतो. अशा फुलपाखराचे दोन-तीन कोनांतून फोटो घ्या.

फोकस डोळ्यावर. कॅमेऱ्यात कीटक ओळखणारा ऑटोफोकस असेल तर वापरा, नसेल तर एकच बिंदू निवडा. १:२ च्या पुढे गेलात की ऑटोफोकस पुढे-मागे शोधत बसतो, तेव्हा फोकस एका ठिकाणी रोखून स्वतः काही मिलिमीटर पुढे-मागे झुकत एका दमात पाच-सहा फोटो घ्यावेत. अनेक फोटो जोडून खोली वाढवण्याचं तंत्र, म्हणजे फोकस स्टॅकिंग, फक्त पहाटे गारठून निश्चल बसलेल्या फुलपाखरावर साधतं.

पंखाची पातळी

हे जमलं की निम्मं काम झालं. मिटलेले पंख म्हणजे एक सपाट कागद समजा. कॅमेऱ्याचा सेन्सर त्या कागदाला समांतर असेल तर २-३ मिलिमीटरच्या थरातही सगळा पंख, डोळा आणि मिशा येतात. जरा तिरपं झालं की पंखाचं टोक धूसर, आणि नेमकी तिथलीच खूण लागणार असते. नजर डोळा, पंखाचं टोक आणि मागच्या पंखाचा खालचा कोपरा या तीन बिंदूंवर फिरवा. तिन्ही स्पष्ट असतील तर पातळी जुळली. पंख पसरलेले असतील तर कॅमेरा वरून, पाठीच्या रेषेवर.

त्यानंतर फोटोंचा क्रम. मिटलेल्या पंखांची बाजू सर्वांत आधी, कारण बहुतेक वेळा तीच समोर असते आणि बहुसंख्य प्रजातींची ओळख तिथेच दडलेली असते. मग वाट पाहून वरची बाजू. मग समोरून किंवा तिरपा चेहरा, ज्यात मिशांची टोकं आणि पाय दिसतील. शेवटी फूल किंवा झाड पूर्ण दिसेल असा लांबचा फोटो. चारही मिळणं क्वचितच होतं, पण हवं काय ते डोक्यात असलं की उरलेल्यासाठी थांबावंसं वाटतं. सुंदर रचनेचे फोटो याच्यानंतर निवांत काढा. कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर लावलेलं असू द्या, तारीख आणि वेळ ही ओळखीतली माहिती आहे.

नाव शोधताना: आधी कुळ

जगात फुलपाखरांच्या सुमारे १८ हजार प्रजाती आहेत. फोटो घेऊन थेट पुस्तकाची पानं उलटत बसलं तर दमछाक होते. आधी पतंग नाही ना ते पाहा: फुलपाखराच्या मिशांच्या टोकाला गाठ असते, पतंगांच्या मिशा बहुधा धाग्यासारख्या किंवा पिसासारख्या. याला अपवाद आहेत, पण सुरुवातीला एवढं पुरतं.

मग पाय मोजा. सहा पाय घट्ट टेकलेले दिसतात की चारच? चार दिसत असतील तर ते बहुधा निम्फॅलिडी कुळातलं, ज्यात सहा हजारांच्या आसपास प्रजाती आहेत. त्यांचे पुढचे दोन पाय आखूड, ब्रशसारखे, छातीशी दुमडलेले असतात. टायगर, क्रो, पॅन्सी, ब्राउन हे सगळे यात येतात. चेहऱ्याचा फोटो काढायला सांगितला तो यासाठी.

सहा पाय, मोठं शरीर आणि अनेकदा मागच्या पंखाला शेपटी असेल तर पॅपिलिओनिडी, म्हणजे स्वॅलोटेल. सगळ्यांना शेपटी नसते. ब्लू मॉरमॉनला नाही. सहा पाय आणि पांढरा, पिवळा किंवा नारिंगी रंग असेल तर पिएरिडी. लहानखुरं, मिशांवर काळे-पांढरे पट्टे, डोळ्याभोवती पांढरी कड, वरून निळं किंवा तपकिरी असेल तर लायसेनिडी. यातल्या अनेकांच्या मागच्या पंखाला केसासारखी शेपटी आणि जवळच डोळ्यासारखा ठिपका असतो. बसल्यावर ते मागचे पंख एकमेकांवर घासत राहतात, शेपट्या मिशांसारख्या हलतात आणि हल्ला करणाऱ्याला तेच डोकं वाटतं. त्या जागी पंखाचा लचका तुटलेली फुलपाखरं पुष्कळ सापडतात. तो फोटो टाकून देऊ नका, ती नोंद आहे.

जाडजूड शरीर, मोठं डोकं, मिशांची टोकं आकड्यासारखी वळलेली असतील तर हेस्पेरिडी, म्हणजे स्किपर. रायोडिनिडी हे कुळ मुख्यतः अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातलं, इतरत्र त्याच्या मोजक्या प्रजाती. हेडिलिडी हे सातवं कुळही तिथलंच, आणि त्यातली फुलपाखरं पतंगांसारखी दिसतात.

मग ठिपके

पुस्तकातली वर्णनं समजायला पंखाचे चार-पाच भाग माहीत हवेत. शरीराला जोडलेलं ते बूड, टोकाकडचा कोपरा ते अग्र, वरची कडक कड ती पुढची कड, शरीरापासून दूरची ती बाहेरची कड. पंखाच्या मध्यावर, बुडापासून निघालेल्या शिरांनी वेढलेला लांबट भाग म्हणजे पेशी. तिथे काय आहे, हा प्रश्न वारंवार येतो.

सुरुवातीच्या ग्रास यलोकडे परत येऊ. पुढच्या पंखाच्या खालच्या बाजूला पेशीत दोन खुणा असतील तर कॉमन ग्रास यलो, तीन असतील तर थ्री-स्पॉट, एकच असेल तर वन-स्पॉट. पेशी कोरी असेल तर स्मॉल किंवा स्पॉटलेस. एवढा नेमका नियम असूनही उडत्या पिवळ्या फुलपाखराकडे पाहून तो लागू करता येत नाही. समांतर पातळीत काढलेला एक साधा फोटो ते काम करतो. छोट्या ग्रास ब्लू गटातही असंच आहे. पेल ग्रास ब्लूच्या पुढच्या पंखाच्या पेशीत खाली एक ठिपका असतो, लेसर ग्रास ब्लूमध्ये नसतो, आणि टायनी ग्रास ब्लूच्या पुढच्या कडेवर वेगळे छोटे ठिपके असतात.

जगभर दिसणाऱ्या पेंटेड लेडीचं उदाहरणही घ्या. वरून ती आणि अमेरिकन लेडी बऱ्याच सारख्या. मागच्या पंखाच्या खालच्या बाजूला दोन मोठे डोळे असतील तर अमेरिकन, चार लहान असतील तर पेंटेड.

फसवणारी फुलपाखरं

प्लेन टायगर रुईसारख्या वनस्पतींमधली विषद्रव्यं सुरवंट असतानाच शरीरात साठवतं, त्यामुळे पक्षी त्याला टाळतात. डॅनाइड एगफ्लायची मादी बिनविषारी, पण रंगाने हुबेहूब त्याच्यासारखी. फरक मागच्या पंखावर पाहायचा. प्लेन टायगरच्या मागच्या पंखाच्या मध्यभागी तीन काळे ठिपके असतात, नरात चौथाही. एगफ्लायच्या मादीला पुढच्या कडेपाशी एकच. तिचा नर अगदी निराळा: काळा, त्यावर जांभळट-निळ्या झाकेने वेढलेले पांढरे मोठे डाग.

कॉमन मॉरमॉनची गंमत आणखी मोठी आहे. त्याच्या माद्या अनेक रूपांत येतात. एक नरासारखी, एक कॉमन रोझची नक्कल करणारी, एक क्रिमसन रोझची. सजीवांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत रुजवणाऱ्या लिनिअसने १७५८ मध्ये यातल्या दोन रूपांना पॅपिलिओ पॉलिटिस आणि पॅपिलिओ पॅमन अशी दोन वेगळी नावं दिली होती. ती एकाच प्रजातीची रूपं आहेत हे निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेसने एकोणिसाव्या शतकात मांडलं. हा सगळा फरक डबलसेक्स नावाच्या एका जनुकाच्या भागातून येतो, हे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. फोटोत ओळखायला मात्र सोपी खूण आहे: रोझचं शरीर लाल असतं, मॉरमॉनचं काळं. पंखांकडे पाहून गोंधळलात तर पोटाकडे पाहा.

ऋतूही फसवतो. इव्हनिंग ब्राउनच्या पावसाळी पिढीत खालच्या बाजूला ठळक डोळे असतात. कोरड्या ऋतूतली पिढी वाळलेल्या पानासारखी, डोळे जवळजवळ नाहीसे. दोन फोटो शेजारी ठेवले तर कुणालाही दोन प्रजाती वाटतील. म्हणून पुस्तकातल्या एका चित्राशी जुळत नाही एवढ्यावर नवं काही सापडल्याचं ठरवू नका. नर-मादीचा फरक, ऋतुरूप, झिजलेले खवले, या तिन्ही शक्यता आधी तपासा. क्रो गटात नराच्या पुढच्या पंखावर वरच्या बाजूला गंधखवल्यांचा पट्टा असतो. कॉमन क्रोला एक, डबल-ब्रँडेड क्रोला दोन. वरच्या बाजूचा फोटो नसेल तर हा प्रश्न तिथेच अडतो.

खात्री आणि नोंद

आयनॅचरलिस्टसारख्या मंचावर फोटो टाकला की संगणक लगेच नावं सुचवतो. ती सूचना माना, निकाल मानू नका. टायगर, पॅन्सी, स्वॅलोटेल यांत ती बहुधा बरोबर निघते. लायसेनिडी आणि स्किपरमध्ये मी प्रत्येक वेळी ठिपके स्वतः मोजतो. सुचवलेली प्रजाती त्या प्रदेशात, त्या महिन्यात, त्या उंचीवर आढळते का, तिची खाद्यवनस्पती जवळपास होती का, हे पाहायचं. एकाच नोंदीत एकाच फुलपाखराचे सगळे कोन टाका. दोन वेगळ्या फुलपाखरांचे फोटो मिसळू नका. रंग गडद करून, संपृक्तता वाढवून फोटो देऊ नका, कारण पिवळा आणि नारिंगी यातला फरक कधी कधी प्रजातीचा फरक असतो.

आणि काही वेळा फोटोतून उत्तर मिळतच नाही. युरोपातल्या वुड व्हाइट फुलपाखरांच्या लेप्टिडिया गटात एकसारख्या दिसणाऱ्या तीन प्रजाती आहेत. तिसरी २०११ मध्ये जनुकीय अभ्यासातून वेगळी ओळखली गेली. त्या फोटोवरून वेगळ्या करता येत नाहीत. मध्य अमेरिकेतल्या एका स्किपरच्या नावाखाली दहा प्रजाती दडल्या असाव्यात, असं २००४ मध्ये डीएनए बारकोडच्या आधारे मांडलं गेलं. अशा ठिकाणी प्रजातीऐवजी वंशापर्यंतचं नाव लिहून थांबणं हीच बरोबर नोंद.

माझ्या फाइलींची नावं मी तारीख, जागा, वंश, प्रजाती आणि बाजू अशी ठेवतो. जिथे प्रजाती कळलेली नाही तिथे ती जागा रिकामी असते आणि शेजारी लिहिलेलं असतं, काय दिसायला हवं होतं: 'पुढच्या पंखाची पेशी झाकलेली', 'वरची बाजू नाही', 'मिशांची टोकं धूसर'. पुढच्या वेळी त्याच झुडपापाशी जाताना आदल्या रात्री ही यादी वाचतो, आणि समोर ते फुलपाखरू आलं की कॅमेरा आधी कुठे रोखायचा ते ठरलेलं असतं.